नसलेला टीबी

माझ्या धाकट्या बहिणीला टीबी नव्हता. एवढं एक वाक्य तिच्या सासऱ्यांच्या तोंडून चारचौघांत वदवून घ्यायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. तिची तीन वर्षांची मुलगी त्या वाक्यावर अडकून होती. इथे कुणाचंही नाव दिलेलं नाही. हे सासरच्यांवर दया म्हणून नव्हे. ती मुलगी आता मोठी आहे आणि तिला दोन्ही घरांत जावं-यावं लागतं, म्हणून.

सासरे वाशीच्या घाऊक बाजारात कांदा-बटाट्याचे व्यापारी. मूळ साताऱ्याकडचे, बोलायला मोकळे, बाजारात शब्दाला किंमत असलेले. वाशीतच तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. आम्ही नोकरदार माणसं. वडील निवृत्त झाल्यावर खांदेश्वरला सोसायटीत दोन खोल्या घेतल्या. मी एका मराठी दैनिकात डेस्कवर होतो. दुसऱ्यांच्या बातम्यांतली विशेषणं कापायची हे माझं काम. या हकिगतीतली पुष्कळशी मी कापली आहेत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. बहिणीच्या पोटात उजवीकडे खाली दुखू लागलं. संध्याकाळी बारीक ताप, दिवसातून अनेकदा संडास, वजन उतरत चाललेलं. सासरी एकच संडास आणि पाणी ठराविक वेळचं. ती पहाटे उठून स्वतःच्या वाटणीच्या बादल्या भरून ठेवायची. बेरियम पाजून फोटो काढले. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे ते अरुंद झालेलं दिसलं. वाशीतले डॉक्टर म्हणाले, आतड्याचा टीबी. आपल्याकडे असं चित्र दिसलं की शंभरातले बहुतेक डॉक्टर आधी हेच म्हणतील. त्यांना मी दोष देत नाही. त्यांची चूक समजण्यासारखी होती.

पुढे घरात जे झालं ते समजण्यासारखं नव्हतं.

औषधाने लघवी लाल होईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पोटातला टीबी ताटातून पसरत नाही, हेही सांगितलं होतं. सासूने पहिलं वाक्य लक्षात ठेवलं, दुसरं विसरली. बहिणीचं ताट, वाटी, पेला वेगळा झाला. लग्नात आमच्या आईने दिलेल्या भांड्यांवर बहिणीचं नाव कोरलेलं होतं, त्यामुळे ओळखायला नवीन खूण करावी लागली नाही. ती भांडी तिने स्वतः घासायची आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये उन्हाला ठेवायची. समोरच्या इमारतीतून ती दिसत. समोरच्या बाईने विचारलं तेव्हा सासूने सांगितलं, "तिचा उपासाचा सेट हाय."

मग मुलीला तिच्याजवळ झोपवणं बंद झालं. मग एक दिवस जावई बहिणीला आमच्या दारात सोडून गेला. बरोबर एक बॅग आणि ती भांडी. "बरी झाली की येईन न्यायला," तो म्हणाला. मुलीचं विचारलं तर म्हणाला, "आई सांभाळते ना." हा माणूस या हकिगतीत पुन्हा फारसा येत नाही. तेव्हाही तो फारसा आला नाही.

बहीण दर आठवड्याला वाशीला जायची. सासू लाकडी दार उघडायची, पण बाहेरचं जाळीचं दार उघडायची नाही. मुलगी सासूच्या कमरेवर. बहीण जिन्याच्या चौकात उभी. असं दहा-पंधरा मिनिटं चालायचं. मी एकदा बरोबर होतो. मुलीने जाळीतून बोट बाहेर काढलं, तेव्हा सासूने ते बोट धरून मागे घेतलं. आवाज न चढवता म्हणाली, "आईला बाऊ झालाय बग. शिवायचं न्हाई."

टीबीच्या गोळ्यांचा कोर्स संपत आला तरी ताप उतरेना. उलट गुडघे सुजले, तोंडात फोड आले. मग आम्ही तिला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पोटाच्या डॉक्टरकडे नेलं. बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दुर्बीण टाकली, आतड्याचे तुकडे तपासायला पाठवले, जुन्या फोटोंचं पाकीट उजेडात धरलं.

"टीबीच्या औषधाने टीबी हलला असता," त्या म्हणाल्या. "हा हलला नाही. हा टीबी नाही."

जो आजार निघाला त्याला एका परदेशी डॉक्टरचं आडनाव आहे. ते मी इथे लिहीत नाही. नावापेक्षा त्यांनी जे समजावलं ते जास्त उपयोगी पडलं. मी विचारलं होतं, जंतू नाही तर आतडं सुजतं कशाने?

"निरोपांनी," त्या म्हणाल्या. "पेशी एकमेकींशी बोलतात ते प्रथिनांतून. एका पेशीला संकट दिसलं की ती एक प्रथिन सोडते. शेजारची ते ओळखते, सुजते, रक्तातून फौज बोलावते आणि तेच प्रथिन स्वतःही सोडते. आग लागल्याची बोंब समजा. तुमच्या-माझ्या शरीरात थोड्या वेळाने दुसरी प्रथिनं सुटतात, आग विझली म्हणून सांगणारी. हिच्या आतड्यात बोंब चालूच राहते. विझल्याचा निरोप एक तर सुटत नाही, किंवा सुटला तरी त्या गोंगाटात कुणी ऐकत नाही."

"पण आग कुठे लागली?"

"तेच कुणाला नीट माहीत नाही. बहुधा आतड्यात कायम राहणाऱ्या साध्या जंतूंवरच शरीर उठतं. ते सगळ्यांच्याच पोटात असतात आणि कुणाचं काही बिघडवत नाहीत."

त्या प्रथिनांपैकी एकाचं नाव त्यांनी मला कागदावर लिहून दिलं, टीएनएफ. कर्करोगाच्या गाठी नष्ट करताना सापडलं म्हणून तसं नाव पडलं, काम त्याहून मोठं, असं म्हणाल्या. टीबी आणि हा आजार एकमेकांसारखे दिसतात त्यातही याच प्रथिनाचा हात आहे. टीबीचा जंतू शिरला की याच्या हुकमाने पेशी त्याच्याभोवती गोळा होतात, तट बांधतात, त्याला आत कोंडतात. बहिणीच्या आतड्यातही तसेच तट दिसले. फक्त आत कुणी नव्हतं. परदेशात या एका प्रथिनाला धरून ठेवणारं औषध नुकतं आलं होतं. इथे ते मिळत नव्हतं. तोवर स्टिरॉइड होतं. त्याने एक निरोप थांबत नाही, सगळेच दबतात.

बहिणीला या सगळ्याचं फारसं काही नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, मला एवढंच सांगा. हे माझ्या मुलीला लागेल का?"

"जेवणातून, श्वासातून, हात लावून? नाही. निरोप तुमच्या पेशींचे. ते दुसऱ्याच्या अंगात जात नाहीत. रक्ताच्या नात्यात थोडा धोका असतो. पण तो ताट वेगळं करून टळत नाही."

"सासूबाई म्हणतात, टीबी नसला तर मग टेन्शननेच झालं असेल."

"टेन्शनने त्रास वाढतो. आजार टेन्शनचा नाही. मात्र या गोळ्यांनी चिडचिड होईल हं. राग लवकर येईल. घरच्यांना सांगून ठेवा."

"येऊ दे," बहीण म्हणाली. "राग बाहेरून आणायची वेळ आली नाही अजून, पण साठा असलेला बरा."

डॉक्टरबाई त्या दिवशी एकदाच हसल्या.

रिपोर्ट घेऊन मी बाजारात सासऱ्यांच्या गाळ्यावर गेलो. बटाट्याच्या गोण्या उतरत होत्या. त्यांनी मला गादीवर बसवलं, चहा मागवला, रिपोर्ट हातात न घेताच ऐकून घेतलं.

"पाव्हणं, तुमी पेपरातली मानसं," ते म्हणाले. "तुमाला कागदाचं कवतिक. मुंबईत पैसे टाकलं की पायजे तसला रिपोर्ट मिळतो. आधीचा डॉक्टर काय येडा व्हता?"

"तो चुकला."

"मग ही कशावरनं चुकली न्हाई?"

गोणीला टेकून उभा असलेला त्यांचा दिवाणजी हसला. सासरे पुढे म्हणाले, "न्हान पोर हाय. रिस्क कोन घेनार? तुमी घ्याल?" आणि चहा संपायच्या आत ते दुसऱ्या कुणाशी बटाट्याचा भाव ठरवू लागले. मी उठलो तेव्हा त्यांनी मान हलवून निरोप दिला. एवढंच.

मी घरी येऊन लेख लिहिला. नावं न घालता, पण बाजारातल्या कुणालाही ओळखू येईल असा. बहिणीने तो वाचला आणि परत दिला. "छान आहे. पण छापून मुलगी येत नाही, दादा. ते म्हणतील बघ, बदनामी केली, आता तर देतच नाही." वकिलाने सांगितलं, मुलगी लहान आहे, आईलाच मिळेल, पण वेळ लागेल. किती, ते त्याला सांगता येईना.

तेवढ्यात सासरहून फोन आला. नणंदेचं लग्न ठरत होतं.

मुलाकडचे जुन्नर बाजूचे बागायतदार. सुपारी फुटणार होती. साताऱ्याकडे या बैठकीला वजन असतं. दोन्हीकडची जाणती माणसं समोरासमोर बसतात आणि सुपारी फोडण्याआधी मध्यस्थ मोठ्याने विचारतो, कुणाचं काही सांगायचं राहिलं आहे का. तिथे जे बोललं जातं ते पक्कं. तिथे जे लपवलं ते पुढे उघडं पडलं तर दोष लपवणाऱ्याचा. आणि मुलीला पहिलं हळदीकुंकू घरच्या थोरल्या सुनेने लावायचं असतं. थोरली सून बहीणच. ती नसली तर का नाही, हा प्रश्न येणार. म्हणून सासूने फोन केला. एका दिवसासाठी ये, हिरवी साडी नेस, हळदीकुंकू लाव, जेवायला थांबू नको. मुलाकडच्यांना सांगितलंय, सून बी.एड. करते, कॉलेज जवळ पडतं म्हणून माहेरी राहते.

फोन ठेवून बहीण कपाटापाशी गेली. मग म्हणाली, "आई, ती हिरवी पैठणी कुठे आहे?"

वाशीला उतरून रिक्षात बसल्यावर तिने मला सांगितलं, "तू काही बोलायचं नाहीस. तू बोललास की वाद होतो. मी बोलले की तमाशा होतो. मला तमाशा पाहिजे."

हॉलमधला सोफा हलवून गाद्या घातल्या होत्या. भिंतीला टेकून पुरुष, आतल्या खोलीत बायका. जाळीचं दार त्या दिवशी सताड उघडं होतं. मला जुन्नरकडच्यांशेजारी जागा मिळाली. स्टिरॉइडने बहिणीचा चेहरा गोल झाला होता, गाल भरले होते. मुलाच्या मावशीने तिला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बया! बी.एड. चांगलंच मानवलंय की हिला!"

बायका हसल्या. सासू, बहिणीच्या तोंडी आत्याबाई, सगळ्यांत मोठ्याने हसली. मुलगी तिच्या मांडीवर होती. नवा फ्रॉक, डोळ्यांत काजळ. तिने आईकडे पाहिलं आणि सासूच्या पदरात तोंड लपवलं.

मध्यस्थाने घसा साफ केला. मुलाची शेती, मुलीचं शिक्षण, लग्न कुठे, मानपान किती, सगळं झालं. तबकात सुपारी ठेवली. "दोनी बाजूनी काय सांगायचं ऱ्हायलं असंल तर आत्ताच सांगा. मागनं कुरकुर न्हाई."

"मला सांगायचं आहे," बहीण म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, डोक्यावर पदर, हातात हळदीकुंकवाचं ताट. आवाज नेहमीसारखाच. आमच्याकडे ती भाजीवाल्याशी बोलते तसा.

"वन्संना हळदीकुंकू लावायच्या आधी मामंजींना एक विचारते. मला टीबी आहे, म्हणून तुम्ही मला वर्षभर माहेरी ठेवलंय. माझी मुलगी माझ्याकडे देत नाही. खरंच टीबी असेल तर मी वन्संना हात लावणं बरोबर नाही. आणि चार वर्षं आम्ही एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो. मग वन्संचा, तुमचा, आत्याबाईंचा, सगळ्यांचा छातीचा फोटो काढायला पाहिजे. ते पाव्हण्यांना आत्ता सांगायला पाहिजे. आणि टीबी नसेल, तर मी हळदीकुंकू लावते आणि मुलीला घेऊन जाते. यातलं कुठलं ते तुम्ही सांगा."

नणंदेने मान खाली घातली होती ती वर केली नाही. त्या मुलीने माझ्या बहिणीचं काही वाकडं केलं नव्हतं. ते मला तेव्हाही कळत होतं.

मुलाचे वडील हळूच म्हणाले, "टीबी? बी.एड. म्हनला व्हता न्हवं?"

"आवं न्हाई, न्हाई," सासरे म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला. "त्यो डाक्टरचा घोळ झाल्ता. पोरगी जरा... गोळ्यांनी तिला... तू आत जा गं."

"जाते. आधी सांगा."

"काय सांगू?"

"आहे का नाही."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तबकातल्या सुपारीकडे पाहत राहिलो. बाजारात ज्यांच्या शब्दावर गाड्या रिकाम्या होत, त्यांना तो एक शब्द सापडत नव्हता. शेवटी ते म्हणाले, "न्हाई. सुनेला टीबी न्हाई."

"आणि मुलगी?"

"घिऊन जा की. कोन नको म्हनतंय?"

"आत्याबाईंच्या मांडीवरून कोण देणार?"

सासूने मुलीला खाली उतरवलं. बहिणीने नणंदेला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, तिच्या कानात काहीतरी बोलली. काय ते मला कधी सांगितलं नाही. मग सुपारी फुटली.

पण प्रकरण तिथे मिटलं नाही, आणि याचा मला आजही आनंद आहे. जुन्नरकडच्यांनी दोन दिवसांनी निरोप पाठवला. तुमच्या शब्दावर विश्वास आहे, पण घरातल्या सगळ्यांचे फोटो दाखवा, म्हणजे आमच्या बायकांचं समाधान होईल. सासऱ्यांना वाशीच्या एक्स-रे सेंटरमध्ये अंगातला सदरा काढून उभं राहावं लागलं. श्वास घ्या, रोखा, सोडा. बाजारातली निम्मी माणसं त्याच सेंटरमध्ये जातात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत गोष्ट गाळ्यांवरून फिरली. दिवाणजीने म्हणे विचारलं, मालक, कागदाचं कौतुक कुठनं आलं? मी मनातून वाट पाहत होतो, कुणाच्या तरी फुफ्फुसावर डाग निघावा. निघाला नाही. सगळे साफ होते. लग्न झालं.

बहीण सासरी परत गेली नाही. पुढच्या वर्षी आतड्याचा तो अरुंद तुकडा कापून काढावा लागला. काही वर्षांनी आतड्याच्या दुसऱ्या भागातही तीच बोंब सुरू झाली. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, कापल्याने आजार जात नाही, जागा जाते. तिच्या रागाचंही तसंच असावं, असं मला एकदा वाटलं होतं. मी तिला ते बोलून दाखवलं. ती म्हणाली, "राग माझा आहे. आतड्याला मी विचारलं नव्हतं." त्यानंतर मी अशा तुलना केल्या नाहीत.

पण मुलगी घरी आली त्या आठवड्याचं सांगायचं राहिलं.

ती आईजवळ जाईना. रिक्षात माझ्या मांडीवर बसली, घरी आजोबांच्या खुर्चीमागे. आईने भात कालवला की तोंड फिरवायची. माझ्या आईने भरवलं की जेवायची. चौथ्या दिवशी बहिणीने तिचा पेला उचलला तर ओरडली, "तो माझा आहे! तुला बाऊ आहे. आजीने सांगितलंय."

बहीण रडली नाही. तिने पेला खाली ठेवला, चप्पल घातली, मुलीला म्हणाली, "चल, आजीला फोन करू." आजीचं नाव काढल्यावर मुलगी आली. मीही गेलो.

सोसायटीच्या कोपऱ्यावर पिवळ्या रंगाचा पीसीओ होता. दुपार होती. बहिणीने नंबर फिरवला. लग्नाला अजून महिना होता, हे तिला ठाऊक होतं आणि सासूलाही.

"आत्याबाई, मी बोलते. नात इथे उभी आहे. तिला सांगायचं, आईला काही झालेलं नाही, मी खोटं बोलले. याच शब्दांत." थोडा वेळ पलीकडचं ऐकलं. "नाही, उद्या नाही. आत्ता. मी जुन्नरला गेले तर तिथेही असंच उभ्या उभ्या बोलेन, माहीत आहे ना तुम्हाला?"

तिने रिसीव्हर मुलीच्या कानाला लावला. मुलीने दोन्ही हातांनी तो धरला. ती बराच वेळ ऐकत राहिली, मध्ये "हो" म्हणाली, पुन्हा "हो" म्हणाली. पीसीओवाला खिडकीतून बाहेर पाहण्याचं सोंग करत होता.

"आई," मुलगी म्हणाली. आमच्याकडे आल्यापासून ही हाक तिने पहिल्यांदाच मारली. "आजी रडते."

"रडू दे," बहीण म्हणाली. तिने रिसीव्हर काढून घेतला, पलीकडे एक शब्द न बोलता जागेवर ठेवला आणि मुलीपुढे हात केला. मुलीने त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग एक बोट धरलं. रस्ता ओलांडेपर्यंत एकच बोट, आमच्या फाटकाशी येईतो दोन.